निधान

साडेपाचला प्रोपेलरच्या धारेवरून बोट फिरवतो.
कुठं खडा लागून खाच पडलीय का,
कुठं केसाएवढी चीर.
चेकलिस्टमध्ये आहेच हे,
पण बोटाला ते आधीपासून येतं:
उद्यमबागच्या फौंड्रीत बाबा असंच
निवलेल्या कास्टिंगवर नख वाजवून ऐकतात.
चांगला तुकडा टणकन बोलतो.
भेगाळलेला, घोगरा.

मी मुलगी आहे आणि 'फिरवतो' म्हणतो.
आमच्याकडं, हलग्यात, मुतग्यात, कुडचीत,
सगळ्या बायका मी आलो, मी जेवलो म्हणतात.
वर्गातली पुण्याची मृदुला पहिल्या आठवड्यात हसली,
मग सुधारायला लागली. मीही महिनाभर
आले-गेले करून पाहिलं.
जिभेला चावत होतं.
रेडिओवर हा प्रश्नच नाही.
तिथं मी किलो लिमा.
टॉवरला माझी दिशा आणि उंची पुरते.

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. दुपारी हवामानशास्त्र:
उन्हं चढली की हवा विरळ होते,
सांबऱ्याची धावपट्टी मुळात अडीच हजार फुटांवर,
एप्रिलात विमान गाभण म्हशीसारखं उठतं.
सूत्र पाठ आहे.
वहीच्या मागच्या पानावर आणखी एक आहे,
परीक्षेला न येणारं:
उड्डाणाचा एक तास म्हणजे
बाबांचे बावीस दिवस.
लायसन्सला दोनशे तास लागतात.
गुणाकार मी करत नाही.
कंग्राळीचा प्लॉट गेला त्या दिवशी आईनं केला होता,
मोठ्यानं,
आणि मग चहा टाकला.

हिरेमठ सर इंग्रजीत शिकवतात,
मराठीत चेष्टा करतात,
आणि जमीन जवळ आली की कानडीत येतात.
निधान, निधान.
कानडीत म्हणजे सावकाश.
आमच्यात ठेवा, पुरलेलं धन.
नाक उचलायचं, पण आत्ताच नाही,
थ्रॉटल काढायचा, पण एकदम नाही,
चाकं आणि डांबर यांच्यामधली ती वीतभर हवा
मला काही केल्या सापडत नव्हती.
तेरा वेळा आपटलो.
सर कंबर धरून म्हणाले,
हलगेकर, माझे मणके फीमध्ये धरलेले नाहीत.

गुरुवारी, वाऱ्याचा मोजा लुळा लोंबत असताना
त्यांनी टॅक्सीवेवर दार उघडलं, पट्टा सोडला,
रिकाम्या सीटवर तो पुन्हा आवळून बांधला,
जणू कुणी बसणारच आहे,
आणि काही न बोलता उतरले.

ब्याऐंशी किलो कमी झाले की विमान कसं उठतं
हे पुस्तकात एका ओळीत आहे.
मला ते पोटात कळलं.
डावीकडं वळलो. पुन्हा डावीकडं.
बाबांनी कधीचं विचारून ठेवलेलं,
वरनं घर दिसतंय काय.
नाही दिसलं. बघायला सवड कुठं होती?
एक पाण्याची टाकी, वीटभट्ट्या,
बळ्ळारी नाल्याकाठची हिरवी पट्टी,
आणि ऑइलचा दाब, वेग, उंची, परत वेग.
टॉवर म्हणाला, क्लिअर टू लँड.
मी तेच परत म्हणून दाखवलं, शिकवलंय तसं.
बटण सोडलं.
आणि मग, कुणीच ऐकत नसताना,
मोठ्यानं म्हणालो, आलो, आलो,
आई हाक मारते तेव्हा म्हणतो तसं,
अजून चपलासुद्धा सापडलेल्या नसताना.

लॉगबुकात सात मिनिटं.
संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा
बाबा रात्रपाळीला निघत होते, एक पाय बुटात.
सात मिनिटं म्हटल्यावर जरा थांबले.
अडीच दिवस, मी मनात म्हटलं. त्यांनीही म्हटलं असेल.
मग विचारलं, टेकताना आवाज कसा आला?
जरा घोगरा.
मग वितळवून परत ओतायचं, म्हणाले,
आणि दुसरा बूट शोधायला लागले.