फाइल : तुकडे

डिचोलीच्या पतसंस्थेत, वरच्या मजल्यावर,
नोटा मोजायच्या यंत्राच्या मागच्या खोलीत
मी नऊ वर्षं एकच फाइल वाढवतो आहे.
नाव साधं : तुकडे.
कुणी विचारलं तर म्हणतो, भंगार.
भंगारवालाही असंच म्हणतो
आणि तांब्याची तार वेगळी काढून ठेवतो.

पहिला तुकडा डिस्क भरली त्या रात्रीचा.
नव्याण्णव टक्के. लॉग पुसला, तरी नव्याण्णव.
पुसलेली फाइल कुणीतरी अजून हातात धरून बसलं होतं,
नाव गेलं होतं, जागा सुटत नव्हती.
धरणाऱ्याचा नंबर शोधून देणारी दीड ओळ
वास्कोच्या एका मित्राने फोनवर सांगितली,
मी ती पावतीच्या पाठीवर उतरवली.
पावती अजून आहे. कुणाचे तरी दोनशे वीस रुपये,
आवर्त ठेव, हप्ता अकरावा.

मग बाकीचे येत गेले.
सर्टिफिकेट संपायच्या आधी एकवीस दिवस ओरडणारा.
फोल्डरचं नाव रिकामं आलं तर काहीही न पुसणारा
(हा शिकायला एक अख्खं आर्थिक वर्ष गेलं,
ते टेपवरून परत आणायला तीन रात्री).
सी भाषेतला एक, चार ओळींचा :
वाचता वाचता कुणी हाक मारली
तर ती चूक नव्हे, पुन्हा वाच.
त्याच्या खाली फोर्क. त्यावर माझाच शेरा :
मूल जन्माला घातलंस
तर त्याच्या मरणाची नोंद घ्यायला थांब,
नाहीतर ते तक्त्यात तसंच राहील,
मेलेलं, नंबर अडवून.
कामाच्या भरात लिहिलं होतं.
पुढे एक वर्षभर ते वाचवेना,
मी तेवढं वगळून खाली जायचो.

चवथीच्या आधी सत्तरीच्या रानातून
माटोळीचं सामान बाजारात उतरतं.
कांगलां, घागऱ्या, कवंडळं.
खायचं त्यातलं थोडंच.
पण विकणारी बाई प्रत्येकाचं नाव सांगते,
कुठल्या ओहळाच्या कुठल्या काठाला मिळालं तेही.
ज्याचं नाव येत नाही ते टांगू नकोस, म्हणते.
म्हणून तुकड्यावर मी तारीख घालतो,
कुणी दिला, काय बिघडलं होतं.

एकावरच काही नव्हतं.
वीज गेली की मशिनं बंद करणारी स्क्रिप्ट,
माझ्या आधीची. तिच्यात एक ओळ :
थांब सात सेकंद.
आणि वर : काडूं नाकात. कायतान.
कायतान कुवेतला गेला, तिथून कुठे, कुणास ठाऊक.

गेल्या महिन्यात मनस्वी माजीक रुजू झाली.
तिसऱ्याच दिवशी : सर, सात का? पाच का नाही?
नऊ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.
ती विचारत फिरली. कॅशियर, मॅनेजर,
शेवटी जिन्याखाली चहा ओतणारा पुरसो.
मागे जनरेटर होता, पुरसो म्हणाला, हिरवा.
वीज गेली की आपोआप खोकत उठायचा.
कायतान वरून मोठ्याने मोजायचा, पोर्तुगीजमध्ये,
उं, दोय्श, त्रेश...
सैश म्हणताना दिवे यायचे.
सातवा त्याच्या मनाच्या समाधानाला.

जनरेटर मी यायच्या आधीच विकला गेला.
आता इन्व्हर्टर, पापणी लवायच्या आत.
सात सेकंद कुणाचीच वाट बघत नव्हते.

मनस्वीने ती ओळ उचलली
आणि माझ्या फाइलीत आणून ठेवली.
तारीख. कुणी दिला : कायतान, पुरसो.
काय बिघडलं होतं, तिथे तिने थोडा विचार केला
आणि लिहिलं : काहीच नाही.

संध्याकाळी साडेसहाला वीज गेली.
एकही दिवा लवला नाही.
जिन्यात कपबशा घेऊन उभ्या पुरसोचे
ओठ तेवढे हलत होते.