मागे घेताना

चाळीस वर्षं गव्हाचा ट्रक वासिलच चालवायचा.
मी शेजारी, मांडीवर डबा,
खिडकीबाहेर सपाट सस्कॅचेवान,
तिथे बघण्यासारखं काही नाही असं परके म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या नजरेचा मधला भाग गेला.
कडा शिल्लक आहेत.
माझं नाक त्याला दिसत नाही, कानातले दिसतात.
तरी एप्रिलमध्ये त्यानं राहायचा ट्रेलर आणला,
एकोणीस फुटी, वापरलेला, आत उंदरांचा वास,
आणि गाडीची किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात टाकली.
"ओरिशिया," म्हणाला, "आता तू."

जोडणी त्यानं मला बोटांनी शिकवली.
गोळ्यावर वंगण, गोळ्यावर दांडीची वाटी.
खट्ट ऐकू आलं तरी विश्वास ठेवायचा नाही,
जॅक फिरवून बघायचं, गाडीचं बूड वर येतंय का.
साखळ्या खालून, एकमेकींवर फुली करून,
सुटलीच दांडी तर झेलायला.
"डावा दिवा?" मी पुढून ओरडले.
तो मागे उभा, मान वाकडी करून
कोपऱ्यातून बघत, कोंबडी दाण्याकडे बघते तसा.
"लागला."

हमरस्त्यावर पहिला मोठा ट्रक शेजारून गेला
आणि आमचं घर हललं.
आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं,
जसं कुणी कॉलर धरून विचारावं, कुठे निघालीस?
माझा पाय ब्रेककडे.
"नको. ॲक्सिलरेटर सोड फक्त. स्टिअरिंग सरळ."
त्याचा आवाज इतका शांत की मला रागच आला.

पेट्रोल पंपावर वळण आखूड घेतलं.
कचऱ्याचा पिंप आडवा.
पंपावरची पोरगी आली, पिंप उभा केला, एक शब्द बोलली नाही.
तिचं ते न बोलणं मी पुढे तीस किलोमीटर ओढलं,
ट्रेलरपेक्षा जड.

तळ्याकाठी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ,
जूनमधले, म्हणजे लख्ख उजेड,
म्हणजे सगळ्यांना सगळं दिसणार.
जागा चौदा. दोन पॉप्लरच्या मध्ये.
उजवीकडे वळवलं, शेपूट डावीकडे.
डावीकडे वळवलं, शेपूट उजवीकडे.
असल्या उलट्या गणितात मी कच्ची नाही,
सासूबाईंकडे सव्वीस वर्षं काढली आहेत,
पण त्या निदान घडी घालून दुमडत नव्हत्या.
खुर्च्यांतल्या लोकांनी बिअरचे डबे खाली ठेवले.

सहाव्या खेपेला पंधरा नंबरचा पेल्तिये उठून आला.
काचेवर टकटक. "हात चाकाच्या तळाशी धरा, बाई.
शेपूट जिकडे हवी, तिकडे हात न्या."
बस, एवढंच. परत जाऊन बसला.

वासिल मागे, दोन झाडांच्या मधोमध.
"ट्रेलर मला दिसत नाही," त्यानं ओरडून सांगितलं,
"दोन्ही झाडं दिसतात. त्यातलं एक झाकलं गेलं की थांब म्हणेन."
मी आरशांत बघितलं.
मलाही तेवढंच दिसत होतं: कडेचं.
हात डावीकडे, नखभर.
मग उजवीकडे, त्याहून कमी.
तो थांब म्हणालाच नाही,
मीच थांबले.

चाकांना पाचर लावायची राहिली
हे दांडी सोडल्यावर कळलं, चार बोटं घसरल्यावर.
फ्रिज उघडला: बीटचं सूप भिंतीवर, लोण्यावर,
अंड्यांच्या खणात तळं.
आम्ही पावाने पुसून खाल्लं.

मग फळ्या, मग पातळी.
बुडबुडा रेघेच्या जरा डावीकडे.
पाठ मोडली होती, डास फोडून खात होते.
"आला मधोमध?" त्यानं विचारलं.
"आला."

रात्री तो माझ्याकडे घरंगळला.
मी त्याला वर ढकललं, पुन्हा घरंगळला.
"आला म्हणालीस."
"आला होता."
बाहेर तळ्यावर कुठलासा पक्षी वेड्यासारखा हसला.
वासिलनं अंधारात उशी चाचपली,
आम्हा दोघांच्या मध्ये खोचली, पाचरीसारखी.
थोड्या वेळानं काढून टाकली.