अकरा ते सतरा

केर्तू आली तेव्हा तार्तूत साडेतीनलाच अंधार पडला होता.
बुटांवरचा बर्फ दारात झटकत तिनं विचारलं,
"कांद्यांची होडी आहे का तुमच्याकडे?"
म्हटलं, कांदे नाहीत, होडी नाही. कागद आहेत.

तसं फोनवर होतं तिच्या सगळं :
पेइप्सी सरोवर, सप्टेंबर एकोणीसशे सव्वीस,
बाजाराला निघालेली कांद्यांची होडी,
बुडालेले सतरा.
पुढे बारीक निळी टीप चार.
टीप चारवर बोट ठेवलं की पांढरं पान :
हा पत्ता आता अस्तित्वात नाही.
तिच्या प्राध्यापकांनी त्या चारभोवती
लाल गोल काढून तिला माझ्याकडे धाडलं होतं.

मी हसलो नाही.
मीही घरी तेच करतो.
बायकोची गोळी, नळाचा वायसर, कुठल्या राजाला किती मुलं,
आधी तेच पान उघडतो.
ते रात्री दोनलाही जागं असतं,
आम्ही सहाला कुलूप लावतो.
कुलपाचा काय अभिमान धरायचा?

तरी तळघरात नेलं.
एकोणीसशे चौतीसचं पातळ पुस्तक, राखाडी पुठ्ठा,
कुणा गावच्या मास्तरानं पदरमोड करून छापलेलं.
मागच्या खिशातल्या कार्डावर तीन शिक्के.
पान एकशे बारा. सतरा.
"म्हणजे बरोबरच होतं की," ती म्हणाली,
आणि तोंड एवढंसं झालं तिचं.
एवढ्या थंडीत चालत यावं
आणि हाती लागावं तेच, फक्त धूळ बसलेलं.

पान मिटताना दिव्याचा उजेड तिरपा पडला.
समासात पेन्सिल. बारीक, उजवीकडे कललेली :
'अकरा. सहा जण आधीच्या धक्क्यावर उतरले होते.
भाड्यावरून भांडण झालं.
त्या सहांत माझी आई.'

हे अक्षर मी ओळखतो.
याच अक्षरात माझा पहिला रजेचा अर्ज नामंजूर झाला होता.
उस्तिन्याबाई.
माझ्याआधी एकतीस वर्षं याच खुर्चीत.
पुस्तकात रेघ मारली, दंड.
कोपरा दुमडला, दंड.
एका विभागप्रमुखाच्या हातात खोडरबर देऊन
दोन तास बसवून ठेवलं होतं बाईंनी.
त्याच बाई,
कधीतरी, दार लोटून घेऊन,
पेन्सिलीला टोक काढून...

केर्तूनं त्याच रात्री दुरुस्ती केली.
चौदा मिनिटांत पुन्हा सतरा.
कुठल्याशा गावातल्या कुणा 'दलदल-घुबड' नावाच्या माणसानं
फार अदबीनं लिहिलं होतं :
समासातली पेन्सिल संदर्भ म्हणून धरता येत नाही.
ती भडकली. मला राग येईना.
बाई असत्या तर हेच म्हणाल्या असत्या,
वर दंड घेतला असता.

मग जानेवारीभर आम्ही शोधत राहिलो.
चर्चची नोंदवही युद्धात जळलेली.
तेव्हाच्या एका वर्तमानपत्रात नुसतं 'पुष्कळ'.
आणि एका पहाटे त्या घुबडानंच पाठवलं
सुताराच्या दुकानाचं जुनं बिल :
शवपेट्या, अकरा. पैकी दोन लहान.
खाली लिहिलं होतं, झोप येत नव्हती.

दोन लहान, हे वाचून केर्तू बराच वेळ काही बोलली नाही.

आता तिथे असं आहे : बुडालेले, ११–१७.
अजून वाद चालू आहे म्हणे,
काहींना पेट्या मिळाल्याच नसतील.
केर्तू पास होऊन गेली.
पुस्तकाच्या कार्डावर चौथा शिक्का आहे,
पेन्सिल मी खोडलेली नाही.

कधी कधी रात्री दोनला मी ते पान उघडतो.
अकरा आणि सतराच्या मधली ती आडवी रेघ
धक्क्याच्या फळीसारखी दिसते.
तिच्यावर सहा माणसं उभी,
मुठीत वाचवलेलं भाडं,
आणि त्यांतली एक तरणी बाई
लांब जाणाऱ्या होडीला
अजून शिव्या घालते आहे.