चौथी नळी

जुलैतल्या एका उकडत्या दुपारी
स्विंडनच्या सुपरमार्केटबाहेर, डांबरावर त्या उतरल्या.
लोक गाड्यांच्या काचा वर करत होते.
निनाद गुडघ्यांवर. आणि मी पिशवीत हात घालून
हिंगाची रिकामी डबी शोधत,
तसलंच हिंग मिळावं म्हणून नमुन्याला आणलेली.

मरण जवळ आलं की मुंगीला पंख फुटतात, म्हणतात.
नरांचं खरंच आहे ते: संध्याकाळपर्यंत
ट्रॉल्यांच्या चाकांखाली त्यांचा कोंडा झाला.
राण्या मात्र पंख आपणच मोडून टाकतात
आणि पुढे पंधरा-पंधरा वर्षं जगतात,
अंधारात.

चार मिळाल्या. हिंगाच्या वासाने
चौघी डबीच्या झाकणाला चिकटलेल्या.

चार काचनळ्या, थोडं पाणी, कापसाचे बोळे.
भिंगाखाली कंबरेचा मणी एक की दोन?
मिशीच्या दांड्यावर लव आहे?
निनाद पट्टी लावून मिलिमीटर सांगतो.
दिवसभर इस्पितळात मी लोकांच्या रक्तातल्या पेशी ओळखते,
त्याचा पगार घेते,
आणि इथे नुसतं "काळी" म्हणून थांबते.

तिघी बागेतल्या साध्या काळ्या, इतकं ठरलं.
चौथी जरा पिवळट, डोकं थोराड, पोट बारीक.
तिच्या चिठ्ठीवर निनादने लिहिलं: माहीत नाही.

मोज्यांच्या खणात तीन आठवडे.
तिघींपाशी साबुदाण्याचा चुरा सांडावा तशी अंडी.
चौथी चालतच राहिली,
काचेवरून कापसापर्यंत, कापसापासून परत.

शेजारचे ऑल्विन, रेल्वे कारखान्यातले जुने फिटर,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"हिला आपला संसार मांडता येत नाही.
काळ्यांची एक कामकरीण मारते आधी,
तिचा वास अंगाला लावते, मग त्यांच्या वारुळात शिरते.
तिथल्या राणीचं पुढे काय होतं...
पोरासमोर नको."

पोराने ऐकलं होतंच.
रात्री दिवा मालवल्यावर: आई,
तिला हे कोणी शिकवलं?
मी म्हटलं, झोप.

रविवारी तिला मागच्या पायरीपाशी सोडली.
नळीच्या तोंडाशी थबकली जराशी,
मग फरशीच्या फटीत गेली, की गवतात,
दोघांचं एकमत झालं नाही.

आता शाळेतून आला की तो पायरीवर बसतो.
साखर ठेवत नाही. बोलत नाही.
एखादी पिवळी निघते का बघतो.
ऑल्विन म्हणतात, पुढच्या उन्हाळ्याआधी नाही.

अजून सगळ्या काळ्याच.