धाबळ

मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराच्या अलीकडे
तिसऱ्या मजल्याच्या पत्र्यावर यल्लप्पाची धाबळ.
चौतीस पाखरं होती.
आता एकतीस.

शिक्रा येतो तो उन्हाच्या बाजूनं.
आधी कावळे गप्प होतात,
मग नुसतं धप्प,
आणि पिसं, उगाच सावकाश उतरणारी.

कुणी म्हणालं, छऱ्याची बंदूक आण.
कुणी म्हणालं, एका पाखराला औषध चोपड आणि सोड,
परत नाही येणार.
यल्लप्पा तंबाखू मळत राहिला.

रविवारी बाजारातून मासेमारीचं जाळं आणलं वजनावर,
भोकं शिवली.
घरातल्या सीड्या काढून दोऱ्याला बांधल्या:
दोन भजनांच्या, एक टायपिंग क्लासची,
एक रेणुकाच्या लग्नाची.

तिच्याशी हात अडला त्याचा.
रेणुका जिन्यात उभी होती, वर्ष झालं माहेरी येऊन.
"बांध की दादा," म्हणाली,
"कुठं तरी कामाला येऊ दे."

आता दुपारभर समोरच्या भिंतीवर,
आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर
उजेडाचे तुकडे पळतात.
लग्नाची सीडी जरा जास्तच गरगरते,
तिला एकच गाठ आहे.

तो टॉवरवर येऊन बसतो, बघतो, जातो.
रोज जातोच असं नाही.

पाठ फाटून परतलेली एक लक्की मादी आहे,
रेणुकानं हळद भरून टोपलीत जगवलेली.
दाणे टिपते, घुमते, पत्र्यापुरती उडतेसुद्धा.
फक्त बसताना
सगळ्यांकडे पाठ करून,
उन्हाकडे तोंड करून बसते.