घरात नाही म्हणत

ऋजुता गेली हॉलंडला, झ्वोल्ल्याला,
आणि पंधरा दिवसांत तिच्या खोलीत आली ऑड्री,
आयोवाची. सतरा पूर्ण. बुटांची होडकी
आमच्या चपलांच्या मांडणीत मावेनात,
ती ठेवली जिन्याखाली, सिलिंडरशेजारी.

क्लबातले साहेब म्हणाले होते,
एक मूल द्यायचं, एक घ्यायचं, सोपं आहे.
मी बँकेत कॅशियर. मला क्लिअरिंग आठवलं,
दिवस मावळायच्या आत हिशेब जुळतो ते.

पहिल्या आठवड्यात ती
तांब्यालासुद्धा थँक्यू म्हणायची.
आमटी वाढली, थँक्यू. गिझर लावला, थँक्यू.
ह्यांनी एका जेवणात मोजले, चौदा.
शेवटी मी म्हटलं, बाई गं, घरात नाही म्हणत.
"मग काय म्हणतात?"
काही नाही. जेवतात.
तिनं ते वहीत लिहून घेतलं.

कुंभोजे काकूंच्या जिभेवर ऑड्री चढेना,
त्यांनी तिची इंदिरा केली.
विश्रामबागेत आता सगळे इंदिराच म्हणतात,
रिक्षावालाही, "इंदिराताई, सुट्टे द्या की."

त्या आठवड्यात कृष्णा चढत होती.
गल्लीत एकच बोलणं: आयर्विनला चौतीस, आयर्विनला छत्तीस.
मला वाटलं, हिला समजावायला हवं.
पण फूट तिच्या गावचेच निघाले.
वर्षभरात दुसरं काही तिला
इतकं पहिल्या झटक्यात कळलं नाही.
रात्री ती उठून गॅलरीत जायची,
नदी इथून दिसत नाही, तरी.

तिकडून ऋजुताचा फोन:
आई, हे लोक समुद्राच्या खाली राहतात
आणि घोरत झोपतात.
आई, इथं कॉफीबरोबर एकच बिस्किट.
एक घेतलं की डब्याचं झाकण बंद.
आई, जेवण सहाला, संध्याकाळच्या सहाला!
काकू तिथंच बसल्या होत्या, सूप आणि तांदूळ घेऊन.
म्हणाल्या, सूर्य मावळायच्या आत?
म्हणजे आमच्यातलेच की ओ ते.

इकडे ऑड्री भडंगाच्या डब्यात
कोपरापर्यंत हात घालायची
आणि झाकण उघडंच टाकायची.
किती वेळा सांगितलं, सादळतं गं.
सादळणे हा शब्द तिनं वहीत
कशाच्या शेजारी लिहिला असेल?

फेब्रुवारीत ऋजुताचा वाढदिवस.
शिरा करायचा की नाही, मी ठरवत होते.
ती नाही तर कुणासाठी, असं.
तव्यावर पोळी, आणि फोन वाजला.
मार्येके, ऋजुताची तिकडची आई.
तिचं इंग्रजी अडखळत, माझंही.
म्हणाली, अभिनंदन.
मी म्हटलं, ऋजुताला देते निरोप... नाही, ती तर तुमच्याकडे.
ती म्हणाली, नाही नाही, तुमचं.
मुलीच्या वाढदिवसाला आमच्यात
आईचंही अभिनंदन करतात.

सिव्हिलमधली ती रात्र, बावीस तास,
लाईट गेलेली, सिस्टरच्या हातात टॉर्च,
मग सासूबाईंचा पहिला प्रश्न, पोरगीच ना?
त्यावर सतरा पेढे, सतरा केक, औक्षणं,
आणि मी दरवेळी ताट धरून उभी.
असं कुणी म्हणालं नव्हतं.

पोळी करपली.
मी म्हटलं, थँक्यू. थँक्यू, मार्येके. थँक्यू.
टेबलाशी ऑड्री फिजिक्स करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"काकू, घरात नाही म्हणत."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं,
आणि उठून गॅस बंद केला.

शिरा झाला. काकूंकडे वाटी गेली, रिक्षावाल्याला गेली.
कुणी विचारलं, कशाबद्दल,
तर मी म्हणत होते,
माझं अभिनंदन आहे.