ग्रिम्सबी, चौसष्टचं मॉडेल

पेटी उघडली तर आधी वास आला
सिगारेटचा, मेणाचा, थोडा माशांचाही.
"रेज बोटीवरून थेट क्लबात जायचा,"
किटली ठेवता ठेवता बेरिल म्हणाली.

लाल रंग हाताशी उडालेला,
पट्ट्याच्या बकलाने पाठीवर चंद्रकोरी ओरखडलेल्या.
एक बटण कधीतरी हरवलं,
तिथं रेडिओचं बसवलेलं. आता तेही जुनं.

किंमत पाडून मागणार होतो मी.
लिंकनहून येताना गाडीत सराव केला होता.

पण मानेवर अंगठा ठेवला
आणि तो आपसूक घसरला एका खोलगट जागी,
जुन्या पायरीच्या दगडाला असते तशा.
माझा नव्हता तो खळगा.
तरी बसला.

अँप्लिफायर तापायला वेळ घेतो.
फ्रिज सुरू झाला की ही घुमते;
नव्या गिटारी असलं काही करत नाहीत,
बिचाऱ्या अगदी स्वच्छ बोलतात.

एकच तार छेडली. सगळ्यात जाड, जरा उतरलेली.
बेरिलचा कप हवेतच राहिला.

"तारा लगेच बदलू नकोस," एवढंच म्हणाली.
मी मोजून दिलेले पैसे
तिने न मोजता बरणीत ठेवले.

सहा महिने झाले.
पाच बदलल्या.